त्याला काय कळते?

प्रत्येक धर्मग्रामाच्या कचेरीत एका लोखंडी कपाटात नोंदवह्यांची रांग असते. स्नानसंस्काराची वही, प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकाराची वही, दृढीकरणाची, विवाहाची आणि अखेरीस मृत्यूची. नव्या ठिकाणी नेमणूक झाली की पहिल्या पावसाळ्यात, धावपळ जरा कमी असते तेव्हा, या वह्या निवांतपणे चाळण्याची मला सवय आहे. घराण्यांची नाती कळतात, एकाच आडनावाच्या दहा घरांचा गोंधळ सुटतो आणि पूर्वीच्या धर्मगुरूंची हस्ताक्षरेही ओळखीची होतात. सध्याच्या धर्मग्रामात आलो तेव्हा पहिल्या दोन वह्या शेजारी शेजारी ठेवून मी गेल्या चाळीस वर्षांची नावे ताडून पाहिली. काही नावे पहिल्या वहीत होती, दुसऱ्या वहीत नव्हती. त्यांतील बरीच मंडळी लहानपणीच मुंबईला किंवा परदेशी गेली होती, काही बालवयातच देवाघरी गेली होती. ती सारी वजा केल्यावरही मोजकी नावे उरली. ही माणसे गावातच होती, जिवंत होती, आणि त्यांच्या भावंडांची नावे दोन्ही वह्यांत होती.

स्नानसंस्काराच्या वहीत अपंगत्वाचा रकाना नसतो. आईबापांची नावे, धर्म-मातापित्यांची नावे, तारीख आणि धर्मगुरूची सही एवढ्यावर मूल ख्रिस्तसभेचे होते. पुढची वही उघडताना मात्र कोठे तरी एक न लिहिलेला रकाना तयार झालेला असतो. 2011 च्या जनगणनेत भारतात 2 कोटी 68 लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली, म्हणजे शंभरात दोनांहून किंचित अधिक. चार हजार भाविकांच्या धर्मग्रामात या हिशेबाने ऐंशी-नव्वद जण असावेत. आपापल्या मंदिरातील रविवारच्या मिस्सेची गर्दी वाचकांनी डोळ्यांसमोर आणावी आणि त्यांतील किती जण तेथे दिसतात ते मनाशी मोजावे.

उरलेल्या नावांची घरे शोधत मी निघालो. एका घरी पडवीतल्या झोपाळ्यावर चौतीस वर्षांचा ‘मुलगा’ बसला होता. मुलगा हा शब्द त्याच्या आईचा. जन्मतःच डाउन सिंड्रोम. माझा हात धरून त्याने आपल्या कपाळाला लावला आणि नंतर बराच वेळ सोडला नाही. आई संकोचली. मी वहीतल्या नावाचा विषय काढला तेव्हा ती म्हणाली, “त्याला काय कळतंय, फादर?”

त्या वाक्यात तक्रार नव्हती. फार वर्षांपूर्वी आठ वर्षांच्या त्या मुलाला तिने धर्मशिक्षणाच्या वर्गाला नेले होते. तेव्हा तेथे असलेल्यांनी त्याला हाकलले नाही. “प्रार्थना पाठ झाल्या की आणा,” एवढेच सांगितले. त्या प्रार्थना सव्वीस वर्षांत पाठ झाल्या नाहीत. मग घराने आपली एक व्यवस्था लावून घेतली. वडील सहाच्या मिस्सेला जात, आई आठच्या. लग्नाला पंचवीस वर्षे झाली तेव्हा कृतज्ञतेची मिस्सा सांगावी असे दोघांच्या मनात होते, पण मुलाजवळ कोणी थांबायचे, या प्रश्नावर तो बेत राहून गेला. एवढ्या वर्षांत ते दोघे मंदिरात एका बाकावर बसले नव्हते. हे तिने चहा ओतता ओतता सांगितले, जणू एखाद्या दुसऱ्या घराची हकिकत सांगावी तसे.

‘त्याला काय कळते’ हा प्रश्न ख्रिस्तसभेला नवा नाही, आणि त्याचे उत्तर तिने आपल्या कायद्यातच देऊन ठेवले आहे. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत अनेक देशांत मुलांना दहा, बारा, कोठे चौदा वर्षांपर्यंत ख्रिस्तशरीरापासून दूर ठेवीत. त्यांना पुरते ज्ञान हवे, असे म्हणत. पोप दहावे पायस यांनी 1910 साली ‘क्वाम सिंग्युलारी’ या आदेशाने ही प्रथा मोडली. सुमारे सात वर्षांचे मूल, नेहमीची भाकर आणि वेदीवरची भाकर यांतील फरक ज्याला उमगतो, ते पात्र आहे असे त्यांनी ठरविले. संपूर्ण धर्मज्ञान ही अट त्यांनी उघडपणे नाकारली. 1983 च्या धर्मनियमसंहितेत हाच विचार पुढे आला. कायद्याने मनाई नसलेल्या प्रत्येक स्नानसंस्कारित व्यक्तीला ख्रिस्तशरीर देता येते आणि दिलेच पाहिजे, असे 912 वा नियम सांगतो. बालकांच्या तयारीविषयी बोलताना 913 वा नियम ‘आपापल्या कुवतीनुसार’ समजण्याचीच अपेक्षा धरतो. 777 वा नियम तर थेट माझ्यासारख्यांसाठी आहे: शरीराने वा मनाने अपंग असलेल्यांना, त्यांच्या स्थितीला झेपेल तितके, धर्मशिक्षण मिळेल हे पाहणे प्रमुख धर्मगुरूचे कर्तव्य होय. अमेरिकेतील बिशपांनी 1995 साली याबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. हा फरक उमगल्याची खूण शब्दांतून मिळाली पाहिजे असे नाही. वागण्यातून, हातवाऱ्यांतून, अगदी आदराच्या शांततेतूनही ती मिळू शकते, आणि शंका असेल तेथे संस्काराच्या बाजूने निर्णय द्यावा, असे त्यांनी म्हटले.

‘कळणे’ म्हणजे काय याचा विचार मी अनेकदा करतो. रविवारी कम्युनियनच्या रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला मी तत्त्वपरिवर्तनाचा अर्थ विचारू लागलो, तर रांग बरीच आखूड होईल. सेमिनरीतील आमचे काही प्राध्यापकही त्या प्रश्नावर दोन तास बोलून शेवटी गप्प होत असत.

तयारीचे काम आमच्या वाडीतल्या एका निवृत्त प्राथमिक शिक्षिकेने अंगावर घेतले. तिने पुस्तक बाजूला ठेवले. पहिले काही आठवडे ती केवळ त्याच्या घरी जाऊन बसली. मग दुपारी, मंदिर रिकामे असताना, ती त्याला तेथे आणू लागली. उंच छताखाली आपला आवाज घुमतो हे त्याला कळले तेव्हा तो आनंदाने ओरडत सुटला. तिने ओरडू दिले. तिसऱ्या-चौथ्या खेपेस आवाज आपोआप उतरला. मग तिने त्याला वेदीला हात लावायला शिकविले, मेणबत्ती पेटवायला शिकविले, क्रूसाकडे बोट दाखवून ‘येशू’ म्हणायला शिकविले. हा शब्द त्याला स्पष्ट म्हणता येत नाही, पण तो कोणाला उद्देशून आहे हे ऐकणाऱ्याला कळते. घरी तिने मेजावर पांढरे कापड अंथरून, एक पाव मोडून, घरातल्या प्रत्येकाला त्याच्या हातून वाटायला लावला. हे दर शुक्रवारी, आठ महिने.

अभिषेक न झालेली ओस्ती त्याने पहिल्यांदा थुंकून टाकली. तिला ना गोडी ना खारटपणा. त्याचे तरी काय चुकले? तिने पुढच्या आठवड्यात अर्धी दिली, त्यापुढे पाव, आणि हळूहळू त्याला ती चव सरावाची झाली. दरम्यान दर रविवारी आईवडील त्याला मिस्सेला आणू लागले होते. एके दिवशी त्या शिक्षिकेने मला एक गोष्ट दाखविली. घरी बिस्किटे तो एका हाताने उचलतो, अर्धे खातो, अर्धे कुत्र्याला देतो. मंदिरात मात्र लोक रांगेने पुढे येऊ लागले की तो आपले दोन्ही हात एकावर एक ठेवून, तळवा वर करून, बाकावर तसाच बसून राहतो. हे तिने शिकविले नव्हते. त्याने ते पाहून घेतले होते. पोप दहावे पायस यांना हवा असलेला फरक माझ्यासमोर त्या तळव्यावर होता.

धर्मग्राम मंडळाच्या बैठकीत विषय निघाला तेव्हा एका ज्येष्ठ सभासदाने हरकत घेतली. तो माणूस वाईट नाही. रोज पहाटे मिस्सेला येणारा, गावाच्या अडीअडचणीला धावणारा आहे. “फादर, तो मध्येच ओरडतो. लोकांचे लक्ष उडते. आणि पवित्र ओस्ती त्याने तोंडातून काढली तर अवमान कोणाचा?” ही भीती श्रद्धेपोटी होती, म्हणून तिला तिरकस उत्तर देणे मला बरे वाटले नाही. मी यरीहोच्या वाटेवरील आंधळ्या बार्तिमयाची आठवण दिली. तोही ओरडत होता, आणि त्याला गप्प राहा म्हणून दटावणारे लोक येशूच्या मागे चालणारेच होते. येशू थांबला तो त्या ओरडण्यामुळे. ओस्तीचे म्हणाल तर तिचा छोटासा तुकडा द्यावा आणि शेजारी ती शिक्षिका उभी राहावी, असे ठरले. बैठक संपली तेव्हा त्या गृहस्थांचे पूर्ण समाधान झाले होते असे मी म्हणणार नाही. पण ठरलेल्या रविवारी ते पुढच्या बाकावर होते.

आईची इच्छा होती की एखाद्या आडवारी, चारचौघांत न येता उरकावे. शिक्षिका हटली नाही. इतर मुलांबरोबर, त्याच दिवशी, असा तिचा हट्ट होता. आठ-नऊ वर्षांच्या मुलामुलींच्या ओळीत पांढरा सदरा घातलेला, केस पिकू लागलेला तो उंच माणूस उभा राहिला. ‘ख्रिस्ताचे शरीर’ हे शब्द मी उच्चारण्यापूर्वीच त्याने तीनदा ‘आमेन’ म्हटले, तेही मोठ्याने, आणि मुले हसली. त्याने तुकडा घेतला, गिळला, आणि मागे वळून आईवडिलांकडे पाहिले. ते दोघे एका बाकावर बसले होते.

दुसऱ्या एका घरी सेरेब्रल पाल्सी असलेली मुलगी आहे. तिला घास गिळता येत नाही. दूध आणि पेज तेवढी कशीबशी उतरते. तिच्या घरच्यांनी ओस्ती देता येणार नाही म्हणून संस्काराचा विचारच सोडून दिला होता. 925 वा नियम गरजेच्या वेळी केवळ द्राक्षारसाच्या रूपात ख्रिस्तप्रसाद देण्याची मुभा देतो. आता महिन्यातून दोनदा मी तिला चमच्याने काही थेंब देतो. हा नियम किती घरांना ठाऊक आहे कोण जाणे, म्हणून येथे मुद्दाम लिहीत आहे.

अशा घरांची कोंडी आपल्याच मुलखात आहे असे समजू नये. 1960 च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्समधील एका दाम्पत्याने आपल्या दोन तीव्र मतिमंद मुलांसह लूर्ड्सच्या यात्रेला जाण्यासाठी धर्मप्रांताकडे नावे दिली. मुलांना काही समजणार नाही आणि इतर यात्रेकरूंना त्रास होईल, या कारणाने त्यांना नकार मिळाला. ती मंडळी स्वतःच्या हिमतीवर गेली. लूर्ड्समध्ये ज्या हॉटेलात जागा मिळाली तेथेही अट पडली: जेवण खोलीतच घ्यायचे, इतरांबरोबर मेजावर नाही. या अनुभवातून 1971 च्या ईस्टरला एक मोठी यात्रा निघाली. पंधरा देशांतून सुमारे 12,000 यात्रेकरू आले, त्यांत सुमारे 4,000 मतिमंद होते. त्यातूनच ‘फेथ अँड लाइट’ ही चळवळ उभी राहिली आणि पुढे भारतातही आली.

या यात्रेचे संयोजन मारी-हेलेन मात्यू आणि जाँ व्हानिए यांनी केले. व्हानिए यांनी 1964 साली मतिमंद व्यक्तींबरोबर एका घरात राहण्यास आरंभ केला. त्यातून ‘लार्श’ संस्था निर्माण झाली, आणि 1970 साली तिचे भारतातील पहिले घर, ‘आशा निकेतन’, बंगळूरला सुरू झाले. माझ्या पिढीच्या सेमिनरीतील विद्यार्थ्यांनी व्हानिए यांची पुस्तके भक्तिभावाने वाचली. 2019 साली ते वारले. त्यानंतर संस्थेनेच करविलेल्या चौकशीतून, 2020 आणि 2023 च्या अहवालांतून, त्यांनी आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या नावाखाली किमान 25 स्त्रियांचे शोषण केल्याचे उघड झाले. हे लपवून त्यांचे नाव घेणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. ती पुस्तके आज मी प्रवचनात उद्धृत करीत नाही. पण त्या घरांतून राहणाऱ्यांनी एकमेकांना जे दिले ते त्या एका माणसाच्या मालकीचे नव्हते. आणि यात्रेचे म्हणाल तर तिचे मूळ एका आईबापाच्या न मानलेल्या नकारात आहे.

हॉटेलातील त्या मेजाची गोष्ट वाचताना मला नेहमी मफीबोशेथ आठवतो. शौलाचा नातू, योनाथानाचा मुलगा. पाच वर्षांचा असताना पळापळीत दाईच्या हातून पडला आणि दोन्ही पायांनी लंगडा झाला. पुढे दावीदाने त्याला शोधून काढले आणि आपल्या मेजावर कायमची जागा दिली. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायाचा शेवट मोठा विलक्षण आहे. तो राजाच्या पंक्तीला जेवत असे असे सांगून लेखक लगेच नोंदवितो की तो दोन्ही पायांनी लंगडा होता. म्हणजे मेजावर बसण्यापूर्वी तो बरा झाला नाही, नंतरही नाही. आपल्याकडे अपंग व्यक्तीसाठी प्रार्थना म्हटली की ती बरे होण्याचीच असते. एका अंध तरुणाने मला सांगितले होते, “फादर, नोव्हेनाला गेलो की चार अनोळखी बाया माझ्या डोक्यावर हात ठेवतात. बसायला जागा मात्र कोणी दाखवत नाही.”

जागेचा प्रश्न अगदी सिमेंटचाही असतो. आमच्या मंदिराच्या प्रवेशद्वाराशी सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या आहेत, एकूण 18 इंच. चाकाच्या खुर्चीसाठी उतार करायचा तर एक इंच चढाला बारा इंच लांबी, असा संकेत आहे. म्हणजे 18 फूट लांब उतार. याहून तीव्र उतार केला तर तो फोटोपुरता होतो, खुर्ची त्यावरून घसरते. अंगणातील फरशी तुटेल, दर्शनी भागाची शोभा जाईल, पुजारीघराच्या बाजूचे दार आहेच की, अशा सूचना आल्या. शेवटी उतार समोरच झाला. गंमत अशी की आता त्याचा सर्वाधिक वापर गुडघे दुखणारे आजीआजोबा आणि बाबागाडी ढकलणाऱ्या आया करतात. वृद्धापकाळी पोप फ्रान्सिस मे 2022 पासून चाकाच्या खुर्चीतून सार्वजनिक कार्यक्रमांना येऊ लागले आणि एप्रिल 2025 मध्ये निवर्तले, तोवर बहुतेक काळ ख्रिस्तसभेचा कारभार त्या खुर्चीतूनच चालला.

उतार झाला, पण वेदीजवळ आणखी दोन पायऱ्या आहेत. आमच्या धर्मग्रामात बालपणी पोलिओ झालेली, शिवणकाम करणारी एक बाई आहे. तिच्याइतके शुद्ध आणि सावकाश मराठी वाचन येथे कोणी करीत नाही. वाचनाला तिचे नाव लागले तेव्हा चार तरुण तिला खुर्चीसह उचलायला धावले. तिने नकार दिला. “सगळ्यांसमोर सामानासारखी उचलून न्यायची असेल तर मी खालीच बसते,” ती म्हणाली. तिचे म्हणणे मला पटले. सध्या तिच्या वाचनाच्या रविवारी ध्वनिक्षेपक खाली आणतो. वाचन वाचनपीठावरूनच व्हावे हा आग्रह बरोबर आहे हे मी जाणतो. म्हणूनच वेदीच्या फरशीचे काम पुढच्या अंदाजपत्रकात धरले आहे.

या दोन पायऱ्यांचा इतिहास मोठा आहे. लेवीय पुस्तकात देहदोष असलेल्या याजकाला वेदीपाशी जाण्यास मनाई होती. आपल्या 1917 च्या धर्मनियमसंहितेतही दुर्बलतेमुळे सुरक्षितपणे, किंवा विद्रूपतेमुळे शोभेल अशा रीतीने, वेदीसेवा करू न शकणाऱ्याला गुरुदीक्षेची बंदी होती. सतराव्या शतकात संत आयझॅक जोग यांची बोटे इरोक्वाय लोकांनी छाटली, तेव्हा त्यांना पुन्हा मिस्सा अर्पण करण्यासाठी पोपमहोदयांची खास परवानगी घ्यावी लागली. 1983 च्या संहितेने शारीरिक व्यंगाची ही आडकाठी काढून टाकली. 2024 साली केरळात त्रिशूरला होली क्रॉस संघाच्या एका कर्णबधिर तरुणाला गुरुदीक्षा मिळाली. तो आपल्या देशातील पहिला कर्णबधिर धर्मगुरू ठरला. त्या अगोदर, 1880 च्या दशकात, आपल्याच मुंबईत बिशप लिओ म्युरिन यांच्या पुढाकाराने मूकबधिरांची शाळा सुरू झाली होती. देशातील ती अशी पहिली शाळा मानली जाते. शाळेतल्या बाकापासून वेदीपर्यंतचे अंतर तोडायला आपल्याला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली.

आता ज्या प्रश्नाने आईबापांची झोप जाते त्याकडे येतो. “आमच्यामागे याचं काय?” त्या चौतीस वर्षांच्या मुलाच्या वडिलांनी हे मला कम्युनियननंतरच्या आठवड्यात विचारले. ते सत्तरीकडे आले आहेत. कायद्याची बाजू अनेक घरांना ठाऊक नसते: 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली मतिमंदत्व, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता किंवा बहुविकलांगता असलेल्या, अठरा वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीसाठी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडून कायदेशीर पालक नेमून घेता येतो. घर, वाडी, बँकेतील ठेव यांचा निर्णय कोणी घ्यावा, हे त्यामुळे भावंडांच्या भांडणावर सोडावे लागत नाही. अर्ज करण्यात आम्ही तीन घरांना मदत केली.

पण कागद रात्री ताप आला तर उठत नाही. म्हणून त्या घराच्या आसपासची सात कुटुंबे एकत्र बसली. सुरुवात अगदी लहान ठेवली आहे. आठवड्यातून एक दुपार एकेका घराने त्याला आपल्याकडे न्यायचे, जेवू घालायचे, त्याच्या सवयी शिकून घ्यायच्या, म्हणजे पुढे वेळ आली तर तो परक्या घरात जाणार नाही. पहिल्या महिन्यात दोन घरांचे वार चुकले, एका घरी त्याने टीव्हीचा रिमोट विहिरीत टाकला. त्याच दुपारी त्याचे आईवडील एका नातलगाच्या लग्नाला दोघे मिळून गेले होते. सात घरांची पुढची बैठक नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, आठच्या मिस्सेनंतर, त्यांच्याच पडवीत आहे. आठवे घर यायला तयार आहे. त्यांना बुधवार सोयीचा पडतो का, ते विचारायचे आहे.